आमवातसदृश संधिशोथ : व्याधिक्षमत्वाच्या पेशी, संदेशवाहक विकर आणि आपली औषधयोजना

संधिशूलाचा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात नित्याचाच. आम्ही ज्या मुरुडास व्यवसाय करतो (जंजिऱ्याचे नव्हे, दापोली तालुक्यातील, महर्षी कर्व्यांचे मुरुड), तेथे आषाढ-श्रावणात या रुग्णांची संख्या एकाएकी वाढते. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास पाण्यात वाकून काम केलेली कंबर, भिजलेले गुडघे, ओझ्याने अवघडलेले खांदे. यांतील बहुतेकांचा वातप्रकोप श्रमजन्य असतो. लावणी आटोपली, चार दिवस तेल लावून शेक घेतला, की तो ओसरतो. परंतु त्याच गर्दीत एखादी तिशी-चाळिशीतील स्त्री अशी असते की जिचे दुखणे लावणीआधीच सुरू झालेले असते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मुठी मिटत नाहीत, सुपारी सोलणे जमत नाही, दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजलेली असतात, भूक मेलेली असते, आणि काम केल्यावर दुखणे वाढण्याऐवजी थोडे सैलच पडते. ही स्त्री पहिल्या गटातील नव्हे. तिला तेल लावून परत पाठविले, तर तिचे मौल्यवान महिने वाया जातात.

अशा रुग्णांकडून अलीकडे, विशेषतः २०२० नंतर, एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हे झालं का? ती वाढवायला काही तरी द्या." रुग्णाने असे विचारणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्याच औषधालयाच्या फळीवर 'प्रतिकारशक्तिवर्धक' म्हणून मांडलेले चूर्ण, काढा वा गोळी याच रुग्णाच्या हाती दिली जात असेल, तर त्याचा विचार व्हावयास हवा. संधिशोथाच्या या प्रकारात प्रतिकाराचे बल उणे नसते. ते चुकीच्या दिशेस, चुकीच्या स्थानी वापरले जात असते. ही गोष्ट पेशींच्या व विकरांच्या पातळीवर नेमकी कशी घडते आणि त्यातून आपल्या औषधयोजनेस कोणता बोध मिळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोग किती आढळतो, हे प्रथम पाहू. पुण्याच्या संधिरोग केंद्रातील डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' योजनेतील ही भारतातील पहिल्या मोठ्या ग्रामीण पाहण्यांपैकी एक होय. तीत आमवातसदृश संधिशोथ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रौढांत सुमारे अर्धा टक्का आढळला. हजार प्रौढांमागे पाच. आपल्या वाडी-वस्तीचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा रोग दुपटी-तिपटीने अधिक दिसतो.

संधीच्या आत काय घडते

सुश्रुताने संधिस्थानी श्लेष्मधरा कला सांगितली आणि तिच्या कार्यास वंगण घातलेल्या आसाची उपमा दिली, हे आपण जाणतो. आधुनिक शारीरातील संधिकला ती हीच, असे मानण्यास हरकत नसावी. निरोगी अवस्थेत या कलेचा अंतःस्तर अवघा एक ते तीन पेशींच्या जाडीचा असतो. त्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक भक्षकपेशींच्या जातीच्या, ज्या संधीतील केरकचरा गिळतात. दुसऱ्या तंतुजनक पेशी, ज्या वंगणद्रव बनवितात.

रोग सुरू झाला की ही पातळ कला जाड, रक्तवाहिन्यांनी गजबजलेली व आक्रमक होते. रक्तातून टी-पेशी, बी-पेशी व भक्षकपेशी तेथे येऊन ठाण मांडतात. परंतु आरंभ बहुधा संधीत होतच नाही. शरीरातील काही विकर (ज्यांस आपण सर्रास एन्झाइम म्हणतो) प्रथिनांमधील आर्जिनीन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतात. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात हे रूपांतर अधिक होते. हिरड्यांच्या रोगातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूपाशी तर याच जातीचा स्वतःचा विकर असतो. असे बदललेले प्रथिन काही विशिष्ट जनुकीय ठेवणीच्या व्यक्तींत परके ठरते, बी-पेशी त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागतात, आणि ही प्रतिपिंडे पहिला सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात सापडू शकतात. 'अँटी सीसीपी' तपासणी ती हीच. जुन्या 'आरए फॅक्टर'पेक्षा ती अधिक विश्वसनीय आहे, कारण आरए फॅक्टर क्षय, कुष्ठ, यकृताचे जुनाट विकार, किंबहुना निव्वळ वार्धक्य यांतही आढळतो. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या रुग्णाचे दात व हिरड्या आम्ही पाहतो, ते या कारणास्तव. मुखापासून आरंभ करण्याची आपली परीक्षापद्धती येथे उपयोगी पडते.

संधीत जमलेल्या पेशी परस्परांशी बोलतात ती भाषा म्हणजे सायटोकाइन या नावाची लहान प्रथिने. भक्षकपेशी टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ सोडतात, तंतुजनक पेशी त्याने उत्तेजित होऊन इंटरल्यूकिन-६ सोडतात. हे इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृतात पोहोचते आणि तेथे सीआरपी तयार होते. रुग्णाचा बारीक ज्वर, थकवा, पांडुता यांचे मूळही बव्हंशी येथेच. म्हणजे सांध्यात पेटलेल्या गोष्टीची खबर सर्व देहास जाते. माधवकराने आमवात वर्णिताना अंगमर्द, अरुची, तृष्णा, आलस्य, गौरव, ज्वर व अपाक ही सार्वदेहिक लक्षणे शूलाआधी मांडली, त्यातील निरीक्षणाची सूक्ष्मता यावरून ध्यानी यावी.

अस्थी व तरुणास्थी यांचा नाश दोन वाटांनी होतो. तंतुजनक पेशी तरुणास्थी विरघळविणारे विकर सोडतात. आणि रँकल नावाच्या संदेशप्रथिनामुळे अस्थिभक्षक पेशी तयार होऊन अस्थीच्या कडा कुरतडतात. या तंतुजनक पेशींबाबत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विचार करावयास लावणारा आहे. रुग्णाच्या संधिकलेतील या पेशी, प्रतिकारक्षमता नसलेल्या उंदरात निरोगी मानवी तरुणास्थीसह रोपण केल्या असता, त्या तरुणास्थीवर तर त्यांनी आक्रमण केलेच. शिवाय रक्तमार्गे प्रवास करून शरीराच्या दुसऱ्या बाजूस रोपलेल्या तरुणास्थीपर्यंतही त्या पोहोचल्या. म्हणजे सूज उतरली, रुग्ण 'बरे वाटते' म्हणाला, तरी या पेशींचा बदललेला स्वभाव तसाच राहू शकतो. औषध मध्येच थांबविल्यावर त्याच सांध्यात पुन्हा उठणारी सूज पाहताना या प्रयोगाचे स्मरण ठेवावे.

संदेश पेशीच्या आत कसा पोहोचतो

सायटोकाइन पेशीत शिरत नाही. ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकास चिकटते, आणि पुढील काम आतील विकर करतात. या विकरांस कायनेज म्हणतात. त्यांचे कार्य एवढेच, की एटीपीमधील फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवावयाचे. फॉस्फेट बसले की ते प्रथिन जागे होते आणि आपल्या पुढच्यास जागे करते. अशी साखळी केंद्रकापर्यंत जाते व तेथे शोथकारक जनुके कार्यरत होतात.

यांतील जॅनस कायनेज, संक्षेपाने जॅक, हा गट सध्या चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. जॅनस ही दोन मुखांची रोमन द्वारदेवता. या विकराच्या रचनेत परस्परसदृश दोन भाग असतात, म्हणून हे नाव. जॅक-१, जॅक-२, जॅक-३ व टीवायके-२ असे हे चार आहेत. इंटरल्यूकिन-६ चा संदेश यांच्याच द्वारे स्टॅट या प्रथिनांकडे जातो. टीएनएफ मात्र या दाराने जात नाही. त्याचा संदेश मुख्यतः एनएफ-कप्पा-बी आणि मॅप कायनेज या निराळ्या मार्गांनी जातो.

मॅप कायनेजपैकी पी-३८ या विकराची कथा आपल्याकडील पुष्कळांच्या वाचनात आलेली नसावी. प्रयोगशाळेत पी-३८ अडविले की टीएनएफची निर्मिती घटते, म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी त्याची प्रतिबंधके बनविली. २००९ च्या सुमारास त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. सीआरपी पहिल्या आठवड्यांत उतरली आणि औषध चालू असतानाच पुन्हा वर चढली. रुग्णास म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. एक वाट बंद केली, पेशींनी दुसरी शोधली. याउलट टीएनएफ हे संदेशप्रथिनच बाहेरच्या बाहेर पकडून निष्प्रभ करण्याचा मार्ग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ पासून रुग्णांवर यशस्वी करून दाखविला. कोणत्या ठिकाणी अडवावे, यावर सारे अवलंबून असते. काचपात्रात 'अमुक विकरास रोध होतो' एवढ्यावरून रुग्ण बरा होईल असे अनुमान काढणे किती धोक्याचे, हे अब्जावधी डॉलर खर्चून सिद्ध झालेले आहे!

आपली द्रव्ये आणि हे विकर

आपल्या परिषदांतील निबंधांत "आम म्हणजेच टीएनएफ", "अग्नी म्हणजेच विकर" अशी समीकरणे हल्ली वारंवार ऐकू येतात. आम्हांस ती मान्य नाहीत. आम ही संकल्पना अन्नपचनापासून धातुपोषणापर्यंतच्या विकृतीस कवेत घेते. ती एका प्रथिनाच्या मापात बसविली तर आयुर्वेदाचे भले होत नाही आणि प्रथिनाचेही ज्ञान वाढत नाही. दोन्ही शास्त्रे एकत्र येतात ती अवस्थेच्या विचारात. साम अवस्थेत स्नेह वर्ज्य, लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद. पुढे विरेचन, एरंडस्नेह, बस्ती. आणि निराम झाल्यावरच बृंहण. तोच सांधा, तेच शूल, पण अवस्थेनुसार चिकित्सा विरुद्ध. ही दृष्टी ज्याने आत्मसात केली, त्यास बल वाढविणारे प्रत्येक द्रव्य प्रत्येक वेळी देता येत नाही हे निराळे शिकविण्याचे कारण नाही.

आता द्रव्यांकडे वळू. शल्लकीतील बॉस्वेलिक आम्ले ५-लायपॉक्सिजनेज या विकरास रोध करतात, हे जर्मनीत आमोन यांच्या गटाने १९९० च्या दशकारंभी दाखविले. ल्यूकोट्राइन ही शोथकारक द्रव्ये या विकरापासून बनतात. मात्र आमवातसदृश संधिशोथाच्या रुग्णांवर जर्मनीतच झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत शल्लकीच्या गोळीचा मोजता येण्याजोगा लाभ दिसला नाही. आमच्या मते कारण स्पष्ट आहे : ल्यूकोट्राइन ही साखळीच्या टोकाची कडी, तिच्या वरचे टीएनएफ व इंटरल्यूकिन-६ अबाधित राहिले. जानुसंधीच्या झीजजन्य विकारात शल्लकीचा जो अनुभव आपणांस येतो, तो येथे जसाच्या तसा लावता येत नाही. अश्वगंधेतील विदाफेरिन-ए व हरिद्रेतील करक्यूमिन एनएफ-कप्पा-बीचा मार्ग रोखतात, हे पेशींवरील प्रयोगांत सिद्ध आहे. परंतु करक्यूमिन मुखावाटे घेतल्यावर रक्तात अत्यल्प पोहोचते.

अश्वगंधा, शल्लकी, शुंठी व हरिद्रा यांच्या योगाची पुण्यात डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी १८२ रुग्णांवर १६ आठवडे दुहेरी अंध चाचणी घेतली. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ठरावीक मापाने सुधारणा औषध घेणाऱ्यांत ३९ टक्के, तर निव्वळ लटकी गोळी घेणाऱ्यांत ३० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. सांध्यांची सूज व आरए फॅक्टर यांत मात्र लक्षणीय घट दिसली. लटक्या गोळीनेही दर तीन रुग्णांत जवळजवळ एकास बरे वाटते, हा आकडा आपण प्रत्येकाने टेबलावर लिहून ठेवावा. 'आमच्या औषधाने पुष्कळांस गुण आला' असे म्हणताना तो समोर असलेला बरा. कोइंबतूर येथे ४३ रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकृती व अवस्थेनुसार दिलेली संपूर्ण आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट, आणि दोहोंचा संयोग असे तीन गट ३६ आठवडे तपासले गेले. तिन्हींत सुधारणा साधारण सारखी होती. रुग्णसंख्या अल्प असल्याने त्यावर इमारत उभारता येणार नाही. पण एका वनस्पतीपेक्षा संपूर्ण चिकित्साक्रमाचीच परीक्षा व्हावी, हा त्यातील मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

गुडूचीविषयी थोडे सविस्तर

गुळवेल आपल्या कोकणात कुंपणाकुंपणावर आहे आणि २०२० च्या साथीत ती घराघरांत गेली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व डॉ. उर्मिला थत्ते यांनी तिच्यावर केलेले काम सर्वश्रुत आहे. गुडूचीने भक्षकपेशींचे सामर्थ्य वाढते आणि अवरोधजन्य कावीळ असलेल्या रुग्णांस शस्त्रक्रियेत त्याचा लाभ होतो, असे त्यांनी दाखविले. जंतुसंसर्गात हेच हवे असते. पण वर वर्णिलेल्या संधीत भक्षकपेशी आधीच अतिकार्यरत आहेत.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे २०२२ मध्ये देशातील विविध केंद्रांतील ४३ रुग्णांचा. त्यांतील अनेकांत स्वप्रतिकारजन्य यकृतशोथाची लक्षणे होती, आणि ज्यांना आधीपासून सुप्त यकृतविकार वा स्वप्रतिकारजन्य विकार आहे त्यांना धोका अधिक, असे लेखकांचे मत पडले. आयुष मंत्रालयाने पहिल्या वृत्तांतावर आक्षेप घेतला की वापरलेल्या वनस्पतीची ओळखच पटविलेली नव्हती आणि ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याने आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. वेल ओळखून घेण्याचे काम औषधालयाचे नाही तर कोणाचे? क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व तोडल्यावर दुधट स्राव येतो. सह्याद्रीत आढळणाऱ्या सायनेन्सिस या जातीची पाने लवदार असतात. खरी गुडूची या दोहोंहून निराळी.

शास्त्राच्या नावे गुडूचीस वाळीत टाकावे असे आम्ही म्हणत नाही. आमवात-वातरक्तात ती ग्रंथोक्त आहे, आणि शुंठी-गुडूची-आमलकी यांच्या योगांची जानुसंधिविकारात झालेली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ४४० रुग्णांची चाचणी सिलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली आहे. मात्र त्याच चाचणीत आयुर्वेदीय औषध घेणाऱ्या काहींचे एसजीपीटी कोणतेही लक्षण नसताना वाढले आणि औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले. म्हणून स्वप्रतिकारजन्य रोगाच्या रुग्णास गुडूची द्यावयाची तर ती वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक काळ, आरंभी व महिन्याने यकृताच्या तपासणीसह द्यावी. 'रोज एक कप, प्रतिकारशक्तीसाठी' असा सल्ला या रुग्णास देऊ नये. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यास तर नाहीच, कारण यकृतावर त्या औषधाचा भार आधीच असतो.

वेळेचे महत्त्व

अस्थीच्या कडांचा क्षय बहुधा पहिल्या दोन वर्षांत सुरू होतो आणि एकदा कुरतडलेले हाड भरून येत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत निदान व्हावे असा आग्रह धरला जातो. मुरुडहून दापोली जवळ असले तरी संधिरोगतज्ज्ञ गाठावयाचा म्हणजे बहुधा मुंबई-पुणेच, आणि रुग्ण भाताच्या दिवसांत जात नाही. अशा वेळी बोटांच्या मुळाचे सांधे एकत्र हलकेच दाबून पाहणे, सकाळचा ताठरपणा किती मिनिटांचा हे विचारणे, टोकाचे सांधे वाचले आहेत काय हे पाहणे, एवढे तरी पहिल्याच भेटीत करावे. सहा आठवड्यांहून अधिक काळ अशी सूज असल्यास रक्त तपासणीस पाठवावे. २००६ च्या चिकनगुन्या साथीनंतर असेच दिसणारे रुग्ण पुष्कळ आले होते व आजही येतात. ज्वराचा इतिहास आणि महिनागणिक उतरत जाणारा शोथ यांवरून ते बहुधा ओळखता येतात. निश्चित आमवातसदृश संधिशोथ असेल आणि सूज सांधे बिघडवीत असेल, तर मेथोट्रेक्सेट बंद करावयास लावून केवळ आपल्या भरवशावर रुग्ण ठेवणे आम्हांस मान्य नाही. बरोबरीने दीपन-पाचन, विरेचन, बस्ती यांस भरपूर वाव आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

जॅक विकरास रोखणारी टोफासिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०१२ मध्ये संमत झाली, आणि अलीकडील वर्षांत भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांमुळे ती तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. आपल्याकडे येणारा रुग्ण ती घेत असूनही सांगत नाही. त्याच्या लेखी ती 'सांध्याची पांढरी गोळी' असते. तिच्याबाबत तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. इंटरल्यूकिन-६ चा संदेश अडल्याने सीआरपी उतरते, तेव्हा अशा रुग्णास ज्वर असून सीआरपी बरी आहे म्हणून निर्धास्त राहू नये; सुप्त क्षय उफाळण्याचा धोका आपल्या देशात खरा आहे, आणि नागीण तर वरचेवर दिसते. पन्नाशीपुढील, हृदयविकाराची जोखीम असलेल्या रुग्णांत टीएनएफरोधकांच्या तुलनेत हृद्रोग व कर्करोग अधिक आढळल्याने २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. आणि ही गोळी यकृतातील ज्या विकराने मुख्यतः विघटित होते, त्याच विकरास पिंपळी-मिऱ्यातील पायपरीन रोध करते. त्रिकटूचे योगवाहित्व आपण गौरवाने सांगतो. ते परक्या औषधासही लागू पडू शकते. टोफासिटिनिब घेणाऱ्यास त्रिकटुयुक्त कल्प मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ न देणे हेच बरे.

कागदात बांधून विकल्या जाणाऱ्या, नाव नसलेल्या 'आयुर्वेदिक' पुड्यांनी दोन दिवसांत सूज उतरत असेल, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय धरावा. चेहरा सुजणे, साखर वाढणे, पुडी थांबविताच रुग्ण अंथरुणास खिळणे, या खुणा पुरेशा आहेत. अशी पुडी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

मेथोट्रेक्सेट या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने तोंड सोलवटणे, पांढऱ्या पेशी घटणे व मृत्यू येणे असे प्रकार देशात व परदेशांत घडले आहेत. मुखपाकाचा रुग्ण इरिमेदादि तेल मागावयास आला, तर 'सांध्यांसाठी काही गोळी चालू आहे का आणि ती कोणत्या वारी घेता' एवढे विचारूनच बाटली द्यावी. आम्ही अशा रुग्णाच्या पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहितो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आठवड्याच्या बाजाराचा वार ठरवून देतो.